मोठ्या स्क्रूचा पहारेकरी

आता आपण १८९८च्या जर्मन माउझर रायफलीकडे येऊ. आटे एकसारखे करण्याचं काम इंग्लंडात व्हिटवर्थने १८४१ सालीच मांडलं होतं, कोन ५५ अंश. पण घट्ट पिळलेला स्क्रू घट्ट राहतो का, हा प्रश्न वेगळाच. लाकडी दस्ता दमटपणात फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वर प्रत्येक गोळीचा धक्का. पकड ढिली झाली की नेम गेलाच म्हणा! म्हणून माउझरमध्ये मागच्या स्क्रूभोवती पोलादी नळी घातली, लाकूड चेपू नये म्हणून. शिवाय दोन्ही मोठ्या स्क्रूंशेजारी एकेक चिमुकला स्क्रू. त्याचं डोकं मोठ्याच्या खाचेत अडकतं. आधी तो काढल्याशिवाय मोठा फिरतच नाही. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा संशय फार आवडतो. पुढच्या अनेक शिकारी रायफलींतून मात्र हे चिमुकले गाळले गेले.