मृतांशी झुंज : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या युद्धनियमांतील प्रेतयोनीचा इतिहास

क्रीडा हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो, हे आता नव्याने सिद्ध करण्याची गरज नाही. मात्र मेजावर बसून फासे व कागद यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या भूमिकानिष्ठ खेळांकडे आपल्याकडील अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत निबंधात या प्रकारातील आद्य खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' यातील 'अनडेड' शत्रूंशी लढण्याच्या नियमांचा विचार केला आहे. या संज्ञेचे शब्दशः भाषांतर 'अमृत' असे होईल आणि अर्थ नेमका उलटा होईल. म्हणून येथे 'प्रेतयोनी' हा शब्द योजला आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे टीएसआर या संस्थेने प्रकाशित केला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. त्याचे मूळ १९७१ च्या 'चेनमेल' या युद्धक्रीडेच्या पुस्तिकेत आहे. परंतु प्रेतयोनीवरील उतारा शोधला गेला तो आर्नेसन यांच्या मिनेसोटातील 'ब्लॅकमूर' या खेळात. तेथे एका खेळाडूचे 'सर फँग' हे पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर झाले आणि इतके प्रबळ ठरले की त्याला आवर घालणे इतरांना अशक्य झाले. त्यावर तोड म्हणून, भयपटांतील व्हॅम्पायर-संहारक व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर, धर्मोपदेशकाचे पात्र निर्माण झाले. पुढे हाच 'क्लेरिक' खेळातील एक मूलभूत वर्ग ठरला. म्हणजे ज्या वर्गाला आज आपण जखमा बऱ्या करणारा म्हणून ओळखतो, तो जन्माला आला एका प्रेताचा बंदोबस्त करण्यासाठी!

१९७४ च्या नियमांत क्लेरिक दोन षट्कोनी फाशांच्या बेरजेवर प्रेतांना पिटाळून लावी. पहिल्या पातळीवर सांगाड्यासाठी ७, झाँबीसाठी ९ व घूलसाठी ११ किंवा अधिक बेरीज लागे. गणिताने पाहता ही शक्यता अनुक्रमे सुमारे ५८, २८ व ८ टक्के येते. 'वाइट' या त्याहून भयंकर प्रेतापुढे तर तो हतबलच असे. घूलच्या स्पर्शाने माणूस जागीच लुळा पडे. एल्फ जमातीला मात्र त्यातून सूट होती.

खरी धास्ती होती ती पातळी हिरावली जाण्याची. वाइट वा रेथ यांच्या एका प्रहाराने पात्राची एक पातळी, तर स्पेक्टर वा व्हॅम्पायरच्या प्रहाराने दोन पातळ्या कायमच्या जात. पातळी म्हणजे खेळाडूने महिनोन्महिने खेळून मिळविलेला अनुभव. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मृताला उठविणारा मंत्र पाचव्या श्रेणीचा, तर गेलेली पातळी परत आणणारा मंत्र सातव्या श्रेणीचा आहे. मृत्यूपेक्षा अनुभवाची हानी महाग! हा क्रम योगायोगाचा नसावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. प्राण गेल्याची भीती खेळात लटकी असते. वेळ गेल्याची भीती खरी असते.

या भीतीतूनच डावपेच घडले. वाइटला केवळ चांदीच्या वा मंतरलेल्या शस्त्राने इजा होई, म्हणून मोहिमेपूर्वी चांदीचे बाण खरेदी करणे आले. सांगाड्यांवर निद्रा वा मोहिनीमंत्र चालत नसे आणि धारदार शस्त्राचा घाव निम्माच लागे. तेथे तलवारीपेक्षा गदा उपयोगी. स्पेक्टर दिसताच दुरूनच मारा करणे किंवा सरळ पळ काढणे, यात कमीपणा मानला जात नसे. शूर योद्ध्याला पलायनाचे शहाणपण शिकविणारा हा नियम कठोर खरा, पण निष्फळ नव्हता.

टीएसआर १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेल्यानंतर धोरण पालटले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत थेट हानीऐवजी 'ऋण पातळी' आली. चोवीस तासांनी फासा टाकून ती झटकण्याची संधी मिळू लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर वाइटचा स्पर्श केवळ जीवनबिंदूंची कमाल मर्यादा घटवितो, तीही दीर्घ विश्रांतीपुरती. एका रात्रीच्या झोपेने भरून निघते अशी ही हानी. त्यामुळे चांदीचे बाण आजही विकत घेता येतात, परंतु वाइटला पाहून मेजाभोवती पूर्वी जी स्तब्धता पसरे, ती पसरण्याचे कारण नियमपुस्तकात उरलेले नाही.