दंडारीचे पाहुणे

१९८८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मी जिवतीच्या डोंगरातल्या एका गुड्यावर शिक्षक म्हणून रुजू झालो. जिवती तेव्हा राजुरा तालुक्यात होती. शाळा सुटली की बोलायला कोणी नसे. गोंडी मला येत नव्हती. कंदील लावून घरी पत्रे लिहायची आणि झोपायचे. गावातली माझ्या वयाची पोरे मात्र कधी एकटी दिसत नसत. त्याचे कारण मला पहिल्या दिवाळीत कळले.

दिवाळीच्या आधी दंडारीचा ढोल वाजू लागला. झाडीपट्टीच्या नाटकातली दंडार ती वेगळी. हे राजगोंडांचे टिपऱ्यांचे नृत्य. अंगाला राख फासलेले, मोरपिसांचा भला मोठा टोप घातलेले घुसाडी आणि त्यांच्यासोबत गावची तरुण मुले, असा मेळा परगावी पाहुणा जातो. यजमान गाव त्यांना जेवू घालते, मुक्कामाला ठेवते. गोंडांत चार, पाच, सहा, सात देवांची कुळे असतात आणि एकाच देवसंख्येच्या कुळांत लग्न होत नाही. म्हणून मेळा जिथे सोयरीक जुळू शकते अशा गावी जातो. मुलामुलींनी एकमेकांना पाहावे, थट्टामस्करी करावी, हे वडीलधाऱ्यांच्या देखत घडते. मलाही त्या पोरांनी हाताला धरून नेले. त्या रात्रीनंतर मी गावचा झालो.

राजुरा तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्या काळात ही रीत अभ्यासकांच्या नजरेत आली. १९४० मध्ये जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ या भागात आले. राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा आपल्याकडे आले, पण सीमेपलीकडचे पाहुणे मी १९८८ मध्येही येताना पाहिले.

गडचिरोलीच्या माडियांमध्ये हेच काम गोटुल करीत असे. बस्तरच्या मुरिया गोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली लिहिले. पुढे बाहेरच्यांनी त्यातल्या शृंगाराचीच चर्चा जास्त केली. तरुणांना बसायला, काम शिकायला, गाणी म्हणायला गावाने हक्काची जागा दिली होती, हे बाजूला राहिले.

हे सारे गोडच होते असे मी म्हणणार नाही. नियम मोडून लग्न करणाऱ्याला वाळीत टाकताना मी पाहिले आहे. त्याच्या दारावरून दंडार न थांबता पुढे जाई. सोबत देणारा समाज माणसाला एकटेही पाडतो.

गेल्या दिवाळीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. तो तिथे कंत्राटी कामावर आहे. म्हणाला, "रूमवर पाच जण आहोत गुरुजी. पण एक येते तं दुसरा जाते. आठ-आठ दिवस बोलणंच होत नाही." दंडारीसाठी त्याला सुटी मिळाली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहातला एक माणूस एकाकी आहे. १३ ते २९ वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. गरीब देशांत सुमारे २४ टक्के लोक एकाकी आहेत, तर श्रीमंत देशांत ११ टक्के. एकटेपण हा शहरी, खात्यापित्या घरांचा आजार, ही आपली समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागेल.

आपण अशा मुलाला सांगतो, मन रमव, मित्र कर. दंडारीच्या गावाने हे ओझे एकट्या मुलावर टाकले नव्हते. त्याला कोणी भेटावे म्हणून अख्खे गाव स्वयंपाकाला लागत असे. आपण त्याच्याकडून काम घेतो, भाडे घेतो. त्याने संध्याकाळी कुठे बसावे, हे मात्र कोणीच पाहत नाही.

त्या मुलाला मी आता दर रविवारी फोन करतो. यंदाच्या सुटीचा अर्ज त्याने आतापासूनच लिहून ठेवला आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)