चित्रकथांचे परीक्षक

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें व कोणतें देऊं नये, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घरांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. परंतु पुस्तक चांगलें कीं वाईट हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्याहून अवघड प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत ज्यांना कॉमिक्स म्हणतात त्या रंगीत चित्रकथांचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. कारण त्यांना एकामागून एक अशा तीन परीक्षकांपुढें उभें राहावें लागलें.

या इतिहासाचा आरंभ १९३८ सालचा. त्या वर्षीं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाचा पहिला अंक दहा सेंट किंमतीस बाजारांत आला व त्यांतून सुपरमॅन हा अतिमानुष बळाचा वीर जन्मास आला. क्लीव्हलंड शहरच्या जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनीं त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांस विकले होते. पुढील वर्षीं बॅटमन अवतरला आणि पाहतां पाहतां अशा वीरांची एक सेनाच उभी राहिली. हे अंक मुलें आपल्या खाऊच्या पैशांतून स्वतः निवडून घेत. वडील मंडळींस विचारण्याचें कारणच पडत नसे. त्यांच्या मनांत संशयाचें बीज रुजलें तें येथेंच. १९४० च्या मे महिन्यांत स्टर्लिंग नॉर्थ या लेखकानें शिकागोच्या एका दैनिकांत, हीं पुस्तकें म्हणजे राष्ट्राला लांछन होय, असा घणाघाती लेख लिहिला.

पहिले परीक्षक म्हणजे हे पालक. १९४८ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील स्पेन्सर गांवीं शाळकरी मुलांनीं, वडीलधाऱ्यांच्या प्रोत्साहनानें, गोळा केलेल्या चित्रकथांची होळी केली. परंतु त्याच वर्षीं सिनसिनाटी शहरीं एक समिति स्थापन झाली, आणि तिची रीत अधिक शहाणपणाची होती. तिचे परीक्षक प्रत्येक अंक प्रत्यक्ष वाचीत. संस्कृति, नीति व विकृत भावनांची उत्तेजना या तीन बाजूंनीं त्याची पारख करीत. आणि मग निर्दोष, किंचित् सदोष, सदोष व अत्यंत सदोष अशा चार श्रेण्यांपैकीं एक त्याला देत. १९५० पासून या याद्या पालकांसाठीं निघणाऱ्या एका मासिकांत प्रसिद्ध होऊं लागल्या. न वाचतां जाळण्यापेक्षां वाचून दोष दाखविणें केव्हांही बरें. तथापि ज्याच्यासाठीं ती गोष्ट लिहिली त्या मुलाला तींत काय दिसलें, ही कसोटी मात्र त्या तिहींत नव्हती.

मुलांचें म्हणणें ऐकल्याचा दावा करणारा एक मनुष्य पुढें आला, तो डॉक्टर फ्रेडरिक वर्थम. हा मानसचिकित्सक कांहीं सामान्य नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत गरीब निग्रो वस्तीसाठीं त्यानें १९४६ सालीं चिकित्सालय उघडलें होतें, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यांतही त्याची साक्ष उपयोगी पडली होती. १९५४ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व चित्रकथा मुलांस गुन्हेगारीकडे ओढतात हें मत देशभर पसरलें. एप्रिलमध्यें सेनेटच्या उपसमितीपुढें चौकशी झाली. तेथें एका अंकाचें मुखपृष्ठ दाखविण्यांत आलें. त्यावर कुऱ्हाड व तोडलेलें मस्तक हातीं धरलेल्या मनुष्याचें चित्र होतें. भयकथेस साजेल इतपत तें सुरुचीचें आहे, असें प्रकाशक विल्यम गेन्स म्हणाला, आणि त्या उत्तरानें त्याची बाजू पुरती ढासळली. ऑक्टोबरांत प्रकाशकांनीं स्वतःच कडक नियमावली केली. तिच्या मुद्रेवांचून अंक विकणें कठीण झालें व कित्येक मासिकें बंद पडलीं.

यानंतरची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे. वर्थमचीं कागदपत्रें २०१० सालीं अभ्यासकांस खुलीं झालीं. कॅरल टिली या विदुषीनें तीं तपासून २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, त्यानें मुलांचीं वयें बदललीं होतीं, त्यांच्या बोलण्यांत फेरफार केले होते आणि त्यांच्या दुःखाचीं इतर कारणें वगळलीं होतीं. हेतु मुलांच्या हिताचाच होता. पण पुराव्यांत मात्र त्यांचा खरा आवाज राहिला नव्हता.

तो आवाज दुसऱ्या मार्गानें प्रकट झाला. दुसरे परीक्षक म्हणजे खुद्द वाचक. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत मासिकांतून वाचकांचीं पत्रें त्यांच्या पत्त्यांसह छापलीं जाऊं लागलीं. त्यामुळें दूरदूरचे वाचक एकमेकांस ओळखूं लागले. १९६१ सालीं जेरी बेल्स यानें ‘ऑल्टर ईगो’ हें हौशी नियतकालिक काढलें आणि वाचक आपल्याच मतांनीं उत्तम अंक व उत्तम चित्रकार यांस ‘अ‍ॅली’ पारितोषिकें देऊं लागले. याच मंडळींतील रॉय टॉमस हा मिसूरीचा शिक्षक १९६५ सालीं लेखक झाला व १९७२ सालीं मार्व्हल संस्थेचा मुख्य संपादक. १९७१ सालीं सरकारच्या आरोग्य खात्याच्याच विनंतीवरून स्पायडरमॅनच्या तीन अंकांत मादक द्रव्यांच्या दुष्परिणामाची कथा आली. नियमावलीनें मुद्रा नाकारली. अंक मुद्रेविना निघाले आणि खपले. त्याच वर्षीं नियम सैल करावे लागले, व २०११ सालीं शेवटच्या प्रकाशकांनींही ती मुद्रा टाकून दिली.

तिसरा परीक्षक बाजार. १९७० सालीं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यानें जुन्या अंकांच्या किंमतींची पहिली सूची काढली. २००० सालापासून एक संस्था अंकांस दहापैकीं गुण देऊं लागली. मात्र हे गुण कथेचे नव्हेत, कागदाच्या स्थितीचे. घडी, डाग, फाटलेला कोपरा एवढेंच पाहावयाचें, आणि मग तो अंक कठीण प्लास्टिकच्या पेटींत कायमचा बंद करावयाचा. पेटी उघडली कीं गुण रद्द. त्या दहा सेंटांच्या पहिल्या अंकाची साडेआठ गुणांची एक प्रत २०२४ सालीं साठ लाख डॉलरांस विकली गेली. ती आतां कोणासही वाचतां येत नाहीं.

पालकांच्या भयानें कांहीं अंक जाळले, बाजाराच्या लोभानें कांहीं पेटींत बंद केले. या दोहोंच्या मधल्या काळांत अंक उघडून, वाचून, त्यावर भांडून आपलें मत बनविणारीं मुलें मात्र आपली अभिरुचि हळूहळू घडवीत राहिलीं. घरांतील मूल हातांतल्या पुस्तकांत रंगून गेलेलें दिसलें, तर त्याच्या शेजारीं बसून तें पुस्तक आधीं वाचावें, आणि मग त्यालाच विचारावें, तुला यांत काय आवडलें? त्याचें उत्तर ऐकून घेतल्यावर वडिलांनीं आपलें मत जरूर सांगावें.