पीडितांची भरपाई, कैद्यांची मदत: सरकारी पैशाचा हिशोब कसा मागायचा?

घरातल्या कुणावर प्राणघातक हल्ला झाला, मुलीवर अत्याचार झाला किंवा जमावाने कुणाला मारलं, तर सरकारी भरपाई मागता येते, हे आपल्या मोहल्ल्यांत फार कमी लोकांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं तेही म्हणतात, "साहेबांची मेहरबानी झाली तर मिळेल." कायदा मात्र वेगळं सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार (आधीचं ३५७-अ) प्रत्येक राज्याने यासाठी निधीची योजना करायची असते. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा वारस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. जमावाच्या हिंसेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये तहसीन पूनावाला प्रकरणात राज्यांना भरपाईची योजना करायला सांगितलं, आणि घटनेपासून ३० दिवसांत अंतरिम मदत देण्याची तरतूद ठेवायला सांगितली. त्याच महिन्यात धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं होतं.

तुरुंगातल्या माणसांसाठीही पैसा आहे. जामीन मंजूर होतो, पण पैसे नसल्याने माणूस आतच राहतो. त्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना मदतीची योजना आणली. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. मात्र यूएपीए, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांतल्या आरोपींना ही मदत नाही. सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनासाठी जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटावं.

आता हिशोबाचं. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थ्यांचा तपशील काय, हे कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचं असतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण भरपाईचे राज्यवार आकडे देतं. पण आपल्याला आपल्या जिल्ह्याचं बघायचं असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. "मंजूर" आणि "खात्यात जमा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदेश निघतो, कागद हातात येतो आणि निधी नाही म्हणून घर वाट बघत बसतं. म्हणून फक्त मंजुरीचा आकडा मागू नका. वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, प्रत्यक्ष किती रक्कम जमा झाली, वर्षअखेर किती निधी न वापरता पडून होता, आणि मंजुरीपासून जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले, हे विचारा.

पीडितांची नावं चुकूनही मागू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यामुळे कलम ८ मधली खासगी माहितीची सूट जास्त रुंद झाली आहे, त्यामुळे नाव मागितलं की अख्खा अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. (माझ्या मते नाव लपवायलाच हवं, पण त्याच्या आडून आकडा लपवणं चुकीचं.) संख्या आणि रक्कम यांत कुणाची ओळख नसते.

राज्य सरकारच्या कार्यालयात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना फी नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, म्हणून भरपाई आणि जामीन मदत यांचे अर्ज वेगळे करा. चुकीच्या कार्यालयात दिला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तरासाठी ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, आणि तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अर्ज हातोहात दिला असेल तर शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, अपिलाचे दिवस तिच्यावरूनच मोजायचे असतात.