बीएमआय ‘नॉर्मल’ आला म्हणजे सगळं ठीक का?

पोट सुटलंय, पण मोबाइलवरचं अ‍ॅप बीएमआय ‘नॉर्मल’ दाखवतंय. मग शुगर तपासायची गरज नाही, असं अनेकांना वाटतं. नेमकी इथेच फसगत होते.

बीएमआय कसा काढतात?

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वजन ६५ किलो आणि उंची १.६५ मीटर असेल, तर बीएमआय येतो २३.९. या सूत्राचं मूळ १९व्या शतकातलं. बेल्जियमचे गणितज्ञ अडॉल्फ केटले ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा अभ्यास करत होते. एकेका रुग्णाचं निदान हा त्यांचा उद्देश नव्हता.

आकडा एकच, चरबी दुप्पट

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मात्र शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने ही तुलना फोटोसह छापली. बीएमआयला फक्त वजन कळतं. त्यात स्नायू किती, चरबी किती आणि ती कुठे साठलीय, हे कळत नाही.

रत्नागिरीत काय चाललंय?

याची मुळं जन्माआधीच्या पोषणात असू शकतात. पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी भरली, पण त्यांच्यात चरबी त्या मानाने टिकून होती. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयानेही ग्रामीण किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतलाय. आई होण्याआधीची तब्येत आणि पुढे होणारे आजार यांचा संबंध त्यात तपासला जातोय.

मग तुम्ही काय पाहायचं?

• जगभरच्या तक्त्यात २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा २३ आणि २५ सुचवल्या. म्हणजे वरचा २३.९ आपल्याकडे जास्तच.
• कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा.
• लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि पिळदार शरीराचे खेळाडू यांना हा तक्ता जसाच्या तसा लागू होत नाही.

बीएमआय ही पहिली चाळणी आहे, निदान नव्हे. अंगाने सडपातळ, पण पोट पुढे आणि घरात मधुमेह असेल, तर ‘नॉर्मल’ आकड्यावर न विसंबता शुगर आणि बीपी तपासून घ्या.