नासाग्रसनी अँजिओफायब्रोमा

नासाग्रसनी अँजिओफायब्रोमा हे नाकाच्या मागील भागात, टाळूच्या वर उद्भवणारे रक्तवाहिन्यांचे दुर्मीळ सौम्य अर्बुद आहे. ते जवळजवळ केवळ १० ते २५ वर्षे वयाच्या मुलग्यांत आढळते. त्यामुळे पुरुष संप्रेरकांशी त्याचा संबंध असावा, असे मानले जाते. ‘सौम्य’ म्हणजे कर्करोग नव्हे, एवढाच येथे अर्थ. हे अर्बुद शरीरात इतरत्र पसरत नसले, तरी हाड झिजवत गालात, डोळ्याच्या खोबणीत आणि क्वचित कवटीच्या पोकळीपर्यंत वाढते.

लक्षणे

एक नाकपुडी सतत चोंदलेली असणे आणि कोणतीही वेदना नसताना वारंवार घोळणा फुटणे, ही प्रमुख लक्षणे होत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटणे इतके नेहमीचे आहे, की ‘उष्णता वाढली’ म्हणून कांदा हुंगवला जातो आणि विषय तिथेच संपतो. बहुतेकदा हा स्राव नाकाच्या पडद्याच्या पुढील भागातील बारीक वाहिन्यांतून होतो व निरुपद्रवी असतो. मात्र किशोरवयीन मुलाला एकाच बाजूने पुन्हा पुन्हा रक्त येत असेल आणि ऋतू पालटला तरी ती नाकपुडी मोकळी होत नसेल, तर दुर्बिणीने तपासणी आवश्यक ठरते. पुढे गालावर सूज येते, डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो किंवा कानाला दडे बसतात.

निदान

इतर गाठींप्रमाणे तुकडा काढून तपासणे येथे धोक्याचे असते. या अर्बुदातील वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर अपुरा असतो. कापल्यावर त्या आकुंचन पावत नाहीत आणि रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून निदान सीटी स्कॅन व एमआरआयवरून केले जाते. वरच्या जबड्यातील पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसणे, ही त्याची ठळक खूण असून तिला होलमन-मिलर चिन्ह म्हणतात.

पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावी ग्रामीण रुग्णालयात नाकात बोळा भरून रक्त थांबवता येते. पुढील तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर येथील ‘घाटी’, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, हे जवळचे मोठे शासकीय केंद्र आहे.

उपचार

शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. तिच्या एक ते तीन दिवस आधी जांघेतील धमनीतून बारीक नळी सरकवून अर्बुदाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करतात. लहान व मध्यम अर्बुदे आता नाकातूनच दुर्बिणीने काढली जातात. चेहऱ्यावर छेद घ्यावा लागत नाही. अवशेष राहिल्यास अर्बुद पुन्हा वाढते, त्यामुळे पुढील काही वर्षे ठरावीक अंतराने एमआरआय करतात. किरणोपचार, रुग्णाच्या कोवळ्या वयामुळे, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या अर्बुदांपुरतेच राखून ठेवले जातात.