सकरचा काटा : साडेसतरा तासांचा घटनाक्रम

मे महिना, वरोरा. हॉलमध्ये चार फुटी फिशटँक. त्यात वर्षभर वाढवलेला एकटा ऑस्कर, आता वीतभराहून लांब. हा घटनाक्रम कुठल्या एका घरचा नाही. शिकारी माशाला सोबती आणताना जे जे चुकतं, ते इथं एका दिवसात मांडलं आहे.

दुपारी १:०० (उरले साडेसतरा तास)
नागपुरातलं माशांचं दुकान. ऑस्करला सोबत म्हणून सहा विडो टेट्रा आणि काचेवरचं शेवाळ खायला बोटभर लांबीचा सकर. "ऑस्करसंग चालंल ना?" "काही नाही होत भाऊ, सकरच्या वाटेला कोणी जात नाही." ऑस्कर केवढा झालाय, हे ना दुकानदारानं विचारलं, ना गिऱ्हाइकानं सांगितलं.

दुपारी ३:३० (उरले पंधरा तास)
शंभरेक किलोमीटरचा उन्हातला रस्ता. पिशवीत माशांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साचतो, पाण्याचा सामू उतरतो. त्यामुळे साचलेला अमोनिया तूर्त फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पाहुणे टाकीत उतरतात ते अर्धमेलेच.

संध्याकाळी ५:३० (उरले तेरा तास)
दिवा चालू, ऑस्कर उपाशी, दगड आणि मडकं वर्षभर होतं तिथंच. म्हणजे टाकीचा कोपरान् कोपरा त्याच्या मालकीचा. त्याचा रंग गडद होतो, कल्ल्यांची झाकणं फुगतात, पर ताठ होतात. आधी त्याला पोटभर खाऊ घालून, दगड हलवून आणि दिवा मालवून नवे मासे सोडले असते, तर हद्दीचं भांडण थोडं लांबलं असतं. टेट्रांचा जीव मात्र तरीही वाचला नसता.

रात्री ८:०० (उरले साडेदहा तास)
ऑस्करला फार पाठलाग करावा लागत नाही. जबडा पुढे काढून तोंड उघडलं की पाणी आत ओढलं जातं, पाण्यासोबत मासाही. जेवणं आटोपेपर्यंत सहाचे दोन उरतात. घरचे म्हणतात, "लपले असतील."

रात्री ११:०० (उरले साडेसात तास)
दिवा बंद. ऑस्कर तळाशी कलून पडलेला. मडक्यामागून सकर निघतो. तो रात्रीचा मासा. लख्ख काचेवर शेवाळ फारसं नाही. उपाशी सकर मोठ्या माशाच्या कुशीला चिकटून अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, तसंच इथं होतं. ऑस्कर दचकून उठतो, पुन्हा पडतो.

पहाटे २:०० (उरले साडेचार तास)
लाईन गेली. कूलर थांबला, पंपही थांबला. पाणी २५ अंशांवर असतं तेव्हा त्यात लिटरमागे आठेक मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना सातच्या आसपास. वर तापलेल्या पाण्यात माशाला तो जास्तच लागतो.

पहाटे ५:३० (उरला एक तास)
सकरला पाण्यावर येऊन हवा गिळता येते. प्राणवायू घटल्यानं तो आडोसा सोडून वर झेपावतो. फटफटीत उजाडलेलं, ऑस्कर जागा. एका घोटात डोकं आत. सकर पाठीचा आणि कुशींचे दोन्ही काटे छत्रीसारखे उघडून ताठ धरतो. आता तो पुढे जात नाही, मागेही येत नाही.

सकाळी ६:०० (उरला अर्धा तास)
ऑस्करच्या तोंडाबाहेर शेपूट दिसतं. घरातला कोणीतरी ते ओढतो. काटे मागे वळलेले, त्यामुळे ओढलं की ते घशात आणखी रुततात. काटे कात्रीनं तोडणं हाच त्यातल्या त्यात मार्ग, पण त्यालाही उशीर झालेला.

सकाळी ६:३०
दोन्ही मासे मेले.

दोष लाईनीवर ढकलणं सोपं. पण मासे मेले ते दुपारी एकच्या निर्णयानं. मरळीची शेती करणारेही पिल्लं आकारानुसार वेगळी करत राहतात, नाहीतर मोठी लहानांना खातात. सोबती निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: तो आजच नव्हे, वर्षभरानंतरही शिकाऱ्याच्या तोंडात मावणार नाही ना, त्याच्या अंगावर काटे आहेत का, आणि तो रात्री काय करतो. दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा चार फुटी टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, ते एका वाढलेल्या ऑस्करलाच जेमतेम पुरतं. सोबत हवीच असेल तर टाकी सहा फुटी घ्या आणि त्यात मोठे सिल्व्हर डॉलर थव्यानं किंवा सेवेरम सोडा. फ्लॉवरहॉर्न मात्र एकटाच ठेवावा.

आणि न जमलेला मासा तलावात किंवा वर्धा नदीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे, तो कोणाच्या तरी टाकीतूनच सुटलेल्यांचा वंश. जमत नसेल तर मासा दुकानात परत द्या.